गाण्याआधीची दोन मिनिटं

मंगळवार, ३ मार्च

स्टुडिओत रोजची नोंदवही असायची. कुठला माइक, कितवा टेक, कोण किती उशिरा आलं. स्टुडिओ बंद होऊन सहा आठवडे झाले. नोंदवायला काही उरलं नाही आणि हात तर शिवशिवतो, म्हणून ही वही. कोणी वाचू नये, आणि वाचलीच तर मला सांगू नये.

आता मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. दहा बाय नऊ. एका भिंतीला कपाट आहे, ते उघडं ठेवलं की आतल्या चादरी आणि गरम कपडे आवाज पितात. दुसऱ्या भिंतीला जुनी गादी उभी केली आहे. तीस वर्षं काचेमागे राजासारखा बसलो, आता गादीला टेकून बसतो.

काल एक संगीतकार बाई येऊन गेल्या. पस्तिशीच्या असतील. बोलतात कमी, ऐकतात नीट. दहा गाण्यांचं काम आहे, मिक्सिंग कोणाला द्यावं याच्या शोधात आहेत. माझे स्पीकर कसे वाजतात ते दाखवायला मी माझं नेहमीचं गाणं लावलं. बावीस वर्षं हे गाणं माझी फूटपट्टी आहे. नवा स्पीकर असो, नवी खोली असो, आधी हे गाणं लावायचं. तिसऱ्या ओळीत एके ठिकाणी गाणारीचा आवाज किंचित थरथरतो, आता फुटणार असं वाटतं आणि सावरतो. ती थरथर जिथे नीट ऐकू येते ते यंत्र चांगलं, बाकी सगळं भंगार.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "कोण आहेत या?"

"आमची बायको," मी म्हणालो. छाती जरा पुढे आली असेल. मग सगळी कथा सांगितली. ही कोरसमध्ये गायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. संगीत संयोजकांना, म्हणजे आमच्या मास्तरांना, ही नकोच होती. मी अडून बसलो की गाईल तर हीच. एका टेकमध्ये गाणं झालं. मास्तर गेले बिचारे, नाही तर त्यांनीच साक्ष दिली असती.

"मला हाच आवाज हवाय," बाई म्हणाल्या. "आताचा, वय झालेला. एक गाणं त्या गायल्या तर दहाही गाणी तुमच्याकडे."

"आणि नाही गायली तर?"

त्या नुसत्या हसल्या. मला कळलं. हे काम मिळालं तर ही खोली स्टुडिओ. नाही तर ही अडगळीची खोली, आणि मी त्यातलाच एक डाग.

गाणं चालू असताना ही चहाचा ट्रे ठेवून गच्चीवरचे कपडे काढायला गेली. कपडे सकाळीच काढले होते. वय होतंय तिचंही.

संध्याकाळी तिला विचारलं. "मी गात नाही," म्हणाली, मीठ जरा कमी पडलंय म्हणावं तसं. मग म्हणाली, "आणि घरातच काम करणार असशील तर ते बंद हेडफोन आण, कानाला घट्ट बसणारे. भिंतीतून सगळं येतं."

शेजाऱ्यांची आजवर एक तक्रार नाही. हिलाच आवाज नकोसा झाला. रेकॉर्डिस्टच्या बायकोला!

गुरुवार, ५ मार्च

बंद हेडफोनांशी माझं फारसं सख्य नाही. मिक्सिंगला उघडे बरे, त्यांच्या कपाच्या पाठीला जाळी असते, आवाज मोकळा राहतो. पण अर्धा बाहेर सांडतो. बंदची पाठ बुजवलेली. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही, पण खालचे सूर आत कोंडतात. तरीही बंदच घ्यायचे ठरवले. ही गायला उभी राहिली (राहीलच, मी सोडणार नाही) तर तिच्या कानातलं संगीत माइकमध्ये सांडून चालणार नाही. म्हणजे एकच जोड, मिक्सिंगला, हिच्या गाण्याला आणि संध्याकाळी मला सुखाने चार गाणी ऐकायला. दोन-दोन जोड घेण्याचे दिवस गेले.

दुकानात गेलो. दुकानदार माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी शहाणा. त्याने ड्रमचा ठेका लावला. "काय बेस आहे ना, सर!" मी म्हटलं, बेस काय, रिकाम्या पिंपावर हात मारला तरी मिळतो.

मी माझं गाणं लावलं. मग माझी दुसरी परीक्षा, शांतता. रेकॉर्डिंगमधली रिकामी जागा शोधायची आणि आवाज पूर्ण वाढवायचा. चांगल्या हेडफोनात शांतताही ऐकू येते. खोलीची घरघर, खुर्चीची कुरकुर, कोणी घेतलेला श्वास. दुकानदार बघत राहिला. "सर, काही वाजत नाहीये."

"वाजतंय," मी म्हटलं. "तुला ऐकू येत नाहीये."

चार जोड पाहिले. पहिल्यात बेस फुगलेला. असल्या हेडफोनावर काम करणारा हमखास फसतो. कानात बेस भरपूर म्हणून तो हात आखडता घेतो आणि बाहेर गाणं हाडकुळं निघतं. दुसरा खरं बोलणारा, पण डोक्यावरची पट्टी अशी आवळणारी की अर्ध्या तासात कानशिलं ठणकली. तिसरा हलका, गाद्या लोण्यासारख्या, आवाज गोड. फार गोड. वाईट रेकॉर्डिंगलाही छान म्हणणारा. ऐकायला सुख, कामाला लबाड. चौथा कोरडा. वजनदार, पिळाची लांब वायर, आणि नुसत्या फोनला लावला तर मिणमिणणारा, त्याला आवाजाला जोर देणारा वेगळा अ‍ॅम्प लागतो. पण जे आहे ते दाखवतो, खुशामत करत नाही.

अडचण एकच, चष्मा. चष्म्याच्या काडीने गादी उचलली जाते, फट राहते आणि फटीतून बेस पळतो. चष्मा काढला की बेस परत येतो पण दुकानदार दिसेनासा होतो. तसं ते बरंच.

गोड आणि कोरडा, दोन्ही घरी आणले. चोवीस तारखेपर्यंत एक परत करायचा.

रविवार, ८ मार्च

कन्या दोन दिवसांसाठी कॉलेजातून आली. तिने दोन्ही हेडफोन लावून पाहिले. गोड लावून खुर्चीतच डुलायला लागली. कोरडा लावला आणि म्हणाली, "बाबा, हा तुझ्यासारखा आहे. खरं बोलतो आणि कुणाला आवडत नाही." मला बरं वाटलं. खरं बोलणारी माणसं आता उरलीत कुठे?

चहा घेताना स्टुडिओच्या गमती निघाल्या. मी टॉकबॅकची सांगितली. कन्येला माहीत नव्हतं, म्हणून समजावून सांगितलं. आम्ही काचेच्या अलीकडे, गाणारा पलीकडे. आमचं बोलणं त्याला ऐकू जात नाही. बटण दाबून ठेवलं तरच ते त्याच्या हेडफोनात जातं. आमच्या जुन्या टेबलावरच्या त्या बटणाची स्प्रिंग गेली होती, बोटाने दाबून दाबून बोट दुखायचं. मी शक्कल काढली. काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून बटणाच्या फटीत खुपसायचा, म्हणजे बटण दाबलेलं राहतं. बोलणं झालं की पुठ्ठा काढायचा. कधीकधी काढायचा राहून जायचा, आणि आतल्या वादकांना आमच्या घरच्या भाजीची चर्चा ऐकू जायची. एकदा तर एक व्हायोलिनवाला काचेतून ओरडला, दोडका नको हो साहेब, भेंडी आणा!

कन्या हसून लोळली. ही कप गोळा करत होती. "आणखीही बरंच ऐकू यायचं," ती म्हणाली. आम्ही पुन्हा हसलो. हिच्यात विनोद आहे, फक्त वर्षातून एकदा बाहेर पडतो.

मग कन्येने विचारलं, "आई, तू गाणं सोडलंस का गं?"

"तू झालीस," मी म्हणालो, "मग घर, मग नोकरी. तिलाच फारशी हौस नव्हती."

"बाबा, मी आईला विचारलं."

ही नळाखाली कप धरून उभी होती. "तुझे बाबा सांगतात तसंच," ती म्हणाली.

बुधवार, ११ मार्च

ही सतरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांचे डोळे तपासते. दिवसभर एकच प्रश्न. "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" माझी हेडफोनशी चाललेली कुस्ती चार दिवस बघत होती. आज काही न सांगता एक फ्रेम घेऊन आली, काड्या तारेसारख्या बारीक. माझ्या नंबरच्या काचा घासून बसवून आणल्या होत्या. मला खुर्चीत बसवलं आणि काडी कानामागे कुठे वाकवायची ते बोटांनी चाचपू लागली. बोटं थंड होती. इतक्या जवळ ती मागे कधी आली होती ते काही आठवेना.

"आता लाव." मी कोरडा हेडफोन लावला. बेस जागच्या जागी. "आला?" "आला." "आणि काडी जरा वर घेतली तर?" "आधीचं बरं होतं." "मग राहू दे."

मी म्हणालो, एकाच जोडीत काम आणि मजा दोन्ही हवंय, म्हणून ही सगळी झकझक. ती म्हणाली, "दूरचं आणि जवळचं एकाच काचेत मागणारे येतात आमच्याकडे. त्यांना मी सांगते, सवय होईपर्यंत पायऱ्या जपून उतरा."

वातावरण बरं दिसलं म्हणून गाण्याचा विषय काढला. एक गाणं. चार मिनिटं. माझं उरलेलं आयुष्य त्यावर लटकलंय.

"मी गात नाही."

माझा तोल गेला. "अगं, तुला गायिका कोणी केलं? मीच ना? सगळ्यांशी भांडून?"

ती बारीक पेचकस डबीत ठेवत होती. डबीचं झाकण लावलं. "हो," म्हणाली. "तूच."

कबूलही करते आणि गातही नाही! भिंतीवर डोकं आपटावं म्हटलं तर तिथेही गादी उभी.

शुक्रवार, १३ मार्च

बाईंचा फोन. त्या परस्पर हिच्या दुकानात गेल्या होत्या, डोळे तपासायच्या निमित्ताने. ही गाणार आहे! मी दहा दिवस घसा कोरडा केला आणि बाईंनी एका चष्म्यात काम उरकलं. काय बोलणं झालं ते मात्र सांगेनात. "त्यांचं एक म्हणणं आहे. ते नंतर बोलू." असेल काही पट्टीबिट्टीबद्दल.

पट्टी ठरवायला त्यांना जुन्या गाण्यातला हिचा नुसता आवाज हवाय, वाद्यांशिवाय. म्हणजे जुनी डिस्क शोधणं आलं. तयार गाणं मी हजारदा ऐकलं असेल, पण सुटे ट्रॅक त्या वर्षानंतर उघडले नाहीत.

ही घरी आली, तिने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेलाय, उगाच खोकून कशाला दाखवा.

सोमवार, १६ मार्च

हे लिहायचं की नाही हे ठरवण्यात दुपार गेली. लिहितो. नोंद ती नोंद.

सकाळी ही दुकानात गेल्यावर डिस्क लावली. हिच्या आवाजाची मूळ फाइल सापडली. गाणं सव्वाचार मिनिटांचं आणि फाइल साडेसहा मिनिटांची. सुरुवातीला दोन मिनिटांहून जास्त रिकामी जागा. माझीच सवय ती. गाणारा उभा राहिला की मी यंत्र सुरू करून ठेवायचो, एखादा चांगला टेक निसटू नये म्हणून. मिक्स करताना ती जागा कापून टाकायची. ऐकायची नाही, कापायची.

मला वाटलं, आयती शांतता सापडली, हेडफोनची परीक्षा होऊन जाऊ दे. पंखा बंद केला. खिडकी लावली. कोरडा हेडफोन नीट बसवला, आवाज पूर्ण वाढवला.

आधी नुसती खोली. मग कागदाचा आवाज, हिच्या हातातला. मग डबीत कोंडलेल्या माशीसारखं काहीतरी. वाटलं, डिस्क खराब झाली. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. माणसं होती. तेव्हा स्टुडिओतले हेडफोन सैल होते, गाद्या फाटलेल्या, कानात जे वाजे ते बाहेर सांडून माइकमध्ये जाई. म्हणजे हे हिच्या कानात वाजत होतं. म्हणजे बटण दाबलेलं होतं. पुठ्ठा.

मास्तरांचा आवाज पहिल्यांदा ओळखला. "अजून एक तालीम घेऊ या रे. हिच्या आवाजात काहीतरी आहे."

मग माझा.

"काही नाही हो मास्तर त्यात. कोरसमधली आहे, मागच्या रांगेत उभी करायची. घरी कटकट नको म्हणून आणलंय. एक टेक घेऊ, वाहवा म्हणू, आणि उद्या तुम्ही खरी गायिका बोलवा. हिला मी सांगतो यंत्र बिघडलं म्हणून."

"अरे, बायको आहे तुझी."

"म्हणून तर सांगतो. रोज सकाळी हिचा रियाज ऐकतो मी. कानात बोळे घालून."

मग हसणं. एकाचंच. माझं.

नंतर थोडा वेळ काही नाही. कागदही वाजत नाही. मग हिचा श्वास, आत घेतलेला, बराच वेळ न सोडलेला. मग पुन्हा मीच, मोठ्याने, गोड आवाजात. "झकास होतंय हं, राणी! आता जरा जीव ओतून गा."

"हो," ही म्हणाली.

आणि मग गाणं.

तिसरी ओळ आली. ती थरथर आली. आजवर ज्यांना ज्यांना ती ऐकवली त्यांची तोंडं आठवली. बघा, कसा भाव आहे, काय जागा घेतलीय म्हणून मी बोट वर करत असे. मी हेडफोन काढला. टेबलावर ठेवला तरी त्यातून काही ऐकू येत नव्हतं. बंद हेडफोन, चांगला आहे.

मास्तर असते तर साक्ष दिली असती, म्हणालो होतो. दिली त्यांनी.

मला यातलं एक अक्षर आठवत नाही. आठवतं ते उलटं, की मी भांडलो होतो आणि मास्तर नको म्हणत होते. हे मी इतक्यांदा सांगितलंय की मला ते दिसतंसुद्धा, मास्तर मान हलवताहेत आणि मी टेबलावर हात आपटतोय. लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. आणखी काय काय मी असं ठरवून ठेवलंय?

संध्याकाळी ही आली. पिशवी खुंटीला लावली, विचारलं, "सापडली का डिस्क?"

"सापडली."

"आणि चष्मा? टोचत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

मंगळवार, १७ मार्च

बोललो असेन. काचेमागे सगळेच बोलतात. गायकाच्या आईबापांवरूनही बोलतात आणि मग बटण दाबून वाहवा करतात, कामच तसं आहे. शिवाय शेवटी गाणं हिचंच ठेवलं ना? दुसरी गायिका बोलावली नाही. इतका चांगला टेक झाल्यावर बोलावणार कशाला, हा भाग वेगळा.

तिला कदाचित नीट ऐकू आलंही नसेल. फाटके हेडफोन होते.

वरच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. गोड हेडफोन आहे अगदी.

शनिवार, २१ मार्च

काल बाईंनी ते 'म्हणणं' सांगितलं. ही गाईल, पण माझ्याकडे नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या स्टुडिओत, दुसऱ्या रेकॉर्डिस्टसमोर. मिक्सिंग मी करावं, त्याला तिची हरकत नाही. बाई चाचरत सांगत होत्या, जणू मला फार लागेल. "घरच्या माणसासमोर दडपण येतं, दादा, होतं असं," म्हणाल्या. मी म्हटलं, होतं.

आठ दिवसांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

आज सकाळी ही निघाली. दारातून परत आली. "तो तुझा घट्ट हेडफोन नेऊ का? तिकडचे सैल असतात."

मी वायर गुंडाळून पिशवीत ठेवून दिला. तेव्हा सांगायला हवं होतं. "गाद्या जरा गरम होतात," एवढंच म्हणालो. बावीस वर्षांचं देणं आणि माझ्या तोंडून निघालं ते गाद्यांबद्दल.

ती गेल्यावर दिवसभर गोड हेडफोन लावून बसलो. काहीही लावलं तरी छान वाजत होतं.

रविवार, २२ मार्च

फाइल आली. हिने हेडफोन रात्रीच टेबलावर आणून ठेवला होता. दुपारी ऐकायला बसलो. त्या रेकॉर्डिस्टलाही माझ्यासारखीच सवय, आधीपासून यंत्र चालू. मी आवाज वाढवला.

या वेळी हेडफोनातून काही सांडलेलं नाही. पलीकडचे काय बोलतात ते कळत नाही. ऐकू येते ती एकटी ही.

"हो, येतंय स्पष्ट."

मग थांबून, "एक सांगू का? ते बोलायचं बटण असतं ना तुमचं, ते दाबलेलंच राहू द्या."

पलीकडून कोणीतरी काही विचारलं असावं.

"तसं नाही हो, चांगलंच बोलाल. पण माझ्याबद्दल जे बोलाल ते मला ऐकू येऊ दे."

मग ती गायली. आवाज खाली उतरलाय, जाड झालाय, दम थोडा कमी पडतो. थरथर कुठेच नाही. मी शोधत होतो, शेवटपर्यंत. सरळ आवाज, कोणाला काही सिद्ध करून न दाखवणारा. मिक्सिंगमध्ये त्याला हात लावायला जागा नाही. इतकं चांगलं गाणारं माणूस माझ्या घरात चहा करत होतं.

उठून स्वयंपाकघरात गेलो. ती टेबलाशी बसून शेंगा निवडत होती. मी उभाच राहिलो.

"त्या दिवशी तुला सगळं ऐकू आलं होतं," मी म्हणालो.

कुठल्या दिवशी ते तिने विचारलं नाही. "हो."

"मला माहीत नव्हतं गं. पुठ्ठा काढायचा राहिला होता. गेल्या सोमवारी ती जुनी फाइल ऐकली, तेव्हा कळलं."

तिचे हात थांबले. चष्म्याच्या दुकानात एखाद्याला सगळ्यात वरचं, मोठं अक्षरही वाचता आलं नाही की ती बघत असेल तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"सोमवारी कळलं?"

"आईशपथ. मला माफ कर. मी…"

"तू रोज ते गाणं लावायचास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बावीस वर्षं. पाहुणे आले की लावायचास. पोरीच्या वाढदिवसाला लावलंस. येईल त्याला तिसऱ्या ओळीला थांबवायचास, बघा कशी थरथरते म्हणून. मी तिथे असताना."

"मला खरंच…"

"मला वाटायचं, तुला माहीत आहे."

मी खुर्ची ओढून बसलो. माहीत असून मी हे केलं असं ती समजत होती, आणि तरी जेवायला वाढत होती. माझा चष्मा दुरुस्त करत होती. काडी टोचते का विचारत होती. त्यापुढे माझी माफी म्हणजे आणखी एक वाहवा. बटण दाबून म्हटलेली.

"मग बोलली का नाहीस कधी?" शेवटी हेच निघालं तोंडातून. वेळ पडली की मी नेमकं नको तेच बोलतो.

"तुला माहीत असलेलं तुला काय सांगायचं?" तिने शेंगांची ताटली माझ्यापुढे सरकवली. "निवड जरा. मी गॅस बघते."

मी निवडल्या. एकही कोवळी वाया जाऊ दिली नाही.

मंगळवार, २४ मार्च

बाईंनी शब्द पाळला. दहाही गाणी माझ्याकडे. म्हणजे मी जिंकलो. खोली स्टुडिओच राहणार.

आज मुदत संपली, दुकानात गेलो. गोड परत दिला, कोरडा ठेवला. अ‍ॅम्पसुद्धा घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, अ‍ॅम्पवर एकदा ऐकून तर बघा. लावा ना तुमचं ते गाणं."

"ते नाही आता माझ्याकडे."

"मग तपासणार कशावर?"

तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच तपासायला गाणं नव्हतं. फोनवर दोन हजार गाणी आहेत, आणि यंत्र खरं आहे की खोटं ते माझ्या कानांना सांगेल असं त्यातलं एकही नाही. आणि माझे कान तरी काय, बावीस वर्षं रोज ऐकून त्यांना एक ओळ कळली नाही.

"तुझंच काहीतरी लाव," मी म्हटलं.

त्याने खूश होऊन ड्रमचा ठेका लावला. मी चष्मा नीट केला, हेडफोन बसवला आणि तो शेवटपर्यंत ऐकला.

"बेस कसा आहे, सर?"

"चांगला आहे," मी म्हणालो.